पाच शब्दांची परीक्षा

पायाला भिंगरी लावूनच जन्मली पोरगी, असं भावनाची आई सावनेरात घरोघरी सांगत असे. पण त्या रविवारी नागपूरजवळच्या बेसाच्या मैदानावर भावनाने जे चालवलं होतं, ते आईनेही कधी पाहिलं नसेल. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथून पाण्याच्या टाकीकडे, टाकीकडून पुन्हा कबड्डीच्या मॅटकडे. खांद्याला बर्फाची नि पट्ट्यांची पेटी, ती खाली ठेवायचंही भान नाही. सेमीफायनल साडेदहाला आटोपली होती, फायनल पाचला होती. मधल्या वेळात टीमच्या फिजिओबाईने सावलीत बसून मठ्ठा प्यावा, एवढंच काम. पण बसवेल तर शपथ!

तिला टोचत होता तो प्रशिक. वीस वर्षांचा पोरगा, गांधीबागेत एका ठोक दुकानात दिवसभर कापडाचे थान उचलायचा आणि संध्याकाळी क्लबच्या मैदानावर चढाईला जायचा. क्लबचे निम्मे गुण तो एकटा आणत असे. त्यात आज फायनल बघायला एका सरकारी खात्याची निवड समिती येणार होती. खेळाडूंच्या कोट्यातून एक जागा भरायची होती, आणि ती प्रशिकचीच, असं अख्खा क्लब धरून चालला होता. सेमीफायनलची सात मिनिटं उरली असताना समोरच्या कोपऱ्यातल्या गड्याचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. प्रशिक पडला. उठायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला. भावना धावली, त्याला बाहेर घेतलं, तपासलं, आणि 'पास' लिहून सही केली. शेवटच्या मिनिटाला तो परत उतरला, टीम जिंकली. सगळं रीतसर झालं होतं आणि तरी तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

भावना अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स करत होती, दुसरं वर्ष. हे शिक्षण नक्की कशाचं, हे सावनेरात कुणाला पटवून देणं तिने केव्हाच सोडलं होतं. खाणीत कामाला असलेले तिचे वडील पाहुण्यांना 'मालिश शिकते, सरकारमान्य' असं सांगून मोकळे होत. खरं म्हणजे त्यात मालिश थोडं आणि जबाबदारी फार. पडलेला खेळाडू पुन्हा खेळू शकतो की नाही, हे पाच-सहा मिनिटांत, बोंबलणाऱ्या लोकांसमोर ठरवायचं, आणि ठरवलं की खाली सही करायची. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, सुजलेला घोटा आंधळ्यालाही कळतो. डोक्याच्या आतला मार मात्र वरून दिसत नाही, प्रश्न विचारून काढावा लागतो. म्हणून पाच शब्द ऐकवायचे, मग तोल बघायचा, महिने उलटे म्हणायला लावायचे, आणि पाच मिनिटांनी विचारायचं, मघाचे शब्द कोणते? डोकं हललेलं असलं की शब्द गळतात.

दोरी, जांभूळ, खिडकी, पितळ, मावशी. हे तिचे पाच शब्द. इंग्रजीत अशा पुष्कळ याद्या होत्या, मराठीत तिला हवी तशी एकही सापडेना. मग तिने स्वतः तयार केली, भाषेच्या प्राध्यापकांकडून तपासून घेतली, कॉलेजच्या समितीपुढे मांडली. समितीने ती मंजूर करायला तीन महिने घेतले. दुसरी यादी करू का, असं तिने विचारलं तेव्हा तिचे मार्गदर्शक कृष्णकांत सर म्हणाले होते, "एकीलाच तीन महिने लागले. दुसरी करशील तर नातवंडांच्या हातून प्रबंध जमा करशील."

तर त्या एका यादीवर तिचा प्रबंध उभा होता. नागपुरातल्या चार क्लबांचे चौसष्ट कबड्डीपटू, जुलै ते जानेवारी, दर महिन्याला तीच परीक्षा. आणि निकाल काय सुरेख आला होता! जुलैत पोरांना पाचातले जेमतेम तीन शब्द आठवत होते, जानेवारीत जवळजवळ पाचही. आलेख जिन्यासारखा वर चढला होता. दम कोंडून केलेल्या चढाईच्या सरावाने स्मरणशक्ती सुधारते, असा निष्कर्ष तिने लिहिला होता. कृष्णकांत सर इतके खूश झाले की त्यांनी एका परिषदेला तिचं नावही कळवून टाकलं. प्रबंध जमा करायला आता तीन आठवडे उरले होते. घोडा मैदान जवळच होतं.

मग टोचत काय होतं? तिने सकाळचा प्रसंग दहादा मनात घोळवला. प्रशिकने पाचही शब्द सांगितले होते, ओळीने, न अडखळता. तिथेच कुठेतरी पाणी मुरत होतं. काही आठवायचं असलं की माणसाचं तोंड थोडं वेडंवाकडं होतं, नजर वर जाते, एखादा शब्द आधी येतो, एखादा मागून लंगडत येतो. प्रशिकचं तसं काहीच झालं नाही. तो आठवत नव्हता, म्हणत होता, लहान पोरं पाढे म्हणतात तसा. बरं, पाचपैकी पाच सांगणाऱ्याला नापास करायचं कोणत्या तोंडाने? तिने पुन्हा टाकीकडे फेरी मारली.

बाराच्या सुमारास मैदानाच्या कडेला क्लबची तीन-चार राखीव पोरं अंग मोकळं करत होती. चुन्याची रेघ आखून त्यांचा खोटा खोटा डाव चालला होता. एक जण रेघ ओलांडून चढाईला गेला. चढाईत दम धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं असतं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. हा पठ्ठ्या मात्र एका दमात म्हणत होता, "दोरी-जांभूळ-खिडकी-पितळ-मावशी, दोरी-जांभूळ-खिडकी-पितळ-मावशी..." आणि बाकीचे फिदीफिदी हसत होते.

भावनाच्या खांद्यावरची पेटी घसरून खाली आली.

बाजूलाच टीमचा कप्तान सौरव घोट्याला पट्टी बांधत बसला होता. ती तरातरा त्याच्याकडे गेली. "हे काय चालू आहे गा?"

सौरवने वर पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि जीभ चावली. "मजाक हाये ताई. पोट्टे असेच..."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून." मग त्याला वाटलं असेल, आता लपवून काय उपयोग. "ताई, खरं सांगू का? तुमचा पेपर कवाचाच फुटला. दर महिन्याले तोच पेपर, तेच प्रश्न. पाठ नाई होणार तं काय होईन? नवा पोट्टा आला का पहिल्या दिवशी आमी त्याले पाच शब्द शिकवतो. म्हंजे डोक्याले लागलं तरी कोणी बाहेर नाई बसत." हे सांगताना त्याला जरा अभिमानच वाटत होता. "दुसऱ्या क्लबाच्या पोट्ट्यांले बी आमीच देल्ले."

भावना हसली. हसू आलं म्हणून नाही, रडू नये म्हणून. सावनेरच्या शाळेतला कुठलाही मास्तर सांगेल की एकच पेपर दोनदा काढू नये. ते कळायला मास्टर्स लागत नाही. पण ही पडली शिकलेली! समितीने मंजूर केलेल्या यादीतला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, हे तिने इतकं पवित्र मानलं की सात महिने चौसष्ट पोरांपुढे तेच पाच शब्द आरतीसारखे म्हणत राहिली. आणि ज्याला ती स्मरणशक्ती म्हणत होती, ती घोकंपट्टी होती. प्रबंध गेला, आलेख गेला, परिषद गेली. हे सगळं तिला एका क्षणात कळलं. पण त्याच्या मागोमाग कळलं ते त्याहून वाईट होतं. प्रशिकची परीक्षा झालीच नव्हती.

टीमला उतरायला मैदानामागचं समाजभवन दिलं होतं. प्रशिक तिथे सतरंजीवर डोळ्यांवर टॉवेल टाकून पडला होता. बाकीची पोरं जेवायला गेली होती.

"प्रशिक, उठ. पाच मिनिटं दे मले."

"पुन्हा? सकाळी झाली ना वं ताई परीक्षा."

तिने तिथल्या तिथे नवे शब्द जुळवले. कुलूप, हरभरा, पायरी, कागद, घुबड. त्याच्याकडून म्हणवून घेतले. मग महिने उलटे म्हणायला लावले. तो ऑगस्टपाशी अडकला. एका रेषेत टाच-बोट लावून चालायला लावलं. त्याने दोनदा भिंतीला हात टेकला. घड्याळात पाच मिनिटं झाली.

"आता सांग. कोणते शब्द होते?"

"कुलूप," तो म्हणाला. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. नजर वर गेली, पंख्याकडे, खिडकीकडे, परत पंख्याकडे. भावना बघत राहिली. सकाळी जे दिसायला हवं होतं ते आता दिसत होतं. "कुलूप... अन्... दोरी."

त्यालाही उमगलं.

"ताई, कोणाले सांगू नका." तो उठून बसला, हात जोडले. "ते कमिटीवाले आज येऊन राहिले. पुन्हा थोडी येते ते? मले काही नाई झालं, फक्त झोप येऊन राहिली. कागदावर तं मी पास आहो ना? तुमचीच सही आहे ना?"

"आहे," भावना म्हणाली, आणि बाहेर आली.

बाहेर ऊन तापलं होतं. फेब्रुवारी असूनही मॅटवर पाय ठेववत नव्हता. तिने कृष्णकांत सरांना फोन लावला आणि चालत चालत सगळं सांगितलं. सरांनी आधी एकच विचारलं.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"अजून कोणालाच नाही, सर."

"मग सांगू नकोस. हे बघ, मुलाला खेळवायचं नाही, यात वादच नाही. पण त्यासाठी यादीचं कशाला काढतेस? त्याचं डोकं दुखतंय असं लिही. डोकेदुखीची तक्रार आली की खेळाडू बाहेर, मग चाचणी पास असो की नापास. मुलगाही वाचला आणि तुझी दोन वर्षंही."

"पण तो दुखत नाही म्हणतो."

"कोणता खेळाडू दुखतं म्हणतो? तू लिही."

आता भावनाला हा सल्ला आवडला नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिला तो फार आवडला. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. सकाळपासून पहिल्यांदा ती खुर्चीवर टेकली, एक ग्लास मठ्ठासुद्धा प्यायली. दोन वर्षं बेसात दहा बाय दहाच्या खोलीत काढली होती तिने. आईने तिच्यासाठी आलेली दोन स्थळं 'शिक्षण होऊ द्या' म्हणून परतवली होती. खोटं असं किती होतं ते? एक डोकेदुखी! आणि कुणाच्या भल्यासाठी? त्याच्याच तर.

मग ती देवाजी सरांकडे गेली. देवाजी सर म्हणजे क्लबचे प्रशिक्षक, साठीला आलेले. ते मांडवात उताणे पडून वर्तमानपत्राने वारा घेत होते.

"सर, प्रशिकला बसवावं लागेल. डोकं दुखतंय त्याचं."

देवाजी सर उठून बसले. रागावले नाहीत, आरडाओरडा केला नाही. त्यांनी प्रशिकला बोलावून आणलं आणि सरळ विचारलं, "दुखते का गा डोकं?"

"नाई सर. अजिबात नाई."

"खरं सांग. माह्या पोरासारखा आहे तू. दुखत असन तं मी सोता नाई उतरवणार."

"आईची आन, सर."

देवाजी सर भावनाकडे वळले. "बेटा, सकाळच्या कागदावर पाचपैकी पाच लिहून तुहीच सही आहे. पोट्टा म्हणते दुखत नाई. मंग त्याच्या तोंडून जे निघालंच नाई ते तू काहून लिहून राहिली? त्याची नौकरी आहे आज. काही दुसरं असन तं बोल, मी आयकतो."

काही दुसरं होतंच की. पण ते ओठांवर येईना. "बघते सर," असं काहीतरी पुटपुटून ती निघाली आणि तिच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

तीन वाजले, साडेतीन वाजले. मांडवात निवड समितीसाठी पांढऱ्या कव्हरच्या तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. भावना चालत होती. प्रशिक धडधाकट दिसत होता. उतरेल, कदाचित खेळेलही, काही होणारही नाही. आणि झालं तर? पुन्हा एक गुडघा, त्याच कानशिलावर, पहिला मार भरून आलेला नसताना? असा दुसरा मार जिवावर कसा बेततो हे ती वर्गात शिकली होती, परीक्षेत दहा मार्कांसाठी तिने लिहिलंही होतं. आणि हा एकटा प्रशिक नव्हता. चौसष्ट पोरांच्या तोंडी तिचे पाच शब्द होते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्या मैदानावर दुसरा कुणी आपटेल, पाढा म्हणेल, आणि तिच्यासारखीच कुणी सही करून त्याला आत सोडेल. वर तिचा प्रबंध छापला गेला की लोक म्हणणार, यादी सिद्ध झालेली आहे, बिनधास्त वापरा! तिला स्वतःचा इतका राग आला की तिने टाकीच्या नळाला लाथ मारली. अंगठा ठणकला, तेवढंच बरं वाटलं.

सव्वाचारला ती पंचांच्या टेबलाशी गेली, सकाळचा फॉर्म मागून घेतला आणि उभ्या उभ्या त्याच्या तळाशी लिहिलं. 'वरील चाचणी ग्राह्य धरू नये. शब्दांची यादी खेळाडूंना आधीपासून पाठ होती. एकच यादी सात महिने वापरली, ही चूक माझी. खेळाडू अनफिट.' सही केली, वेळ टाकली. कागदाचा फोटो काढून तिने स्वतःच कृष्णकांत सरांना पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

देवाजी सरांनी कागद दोनदा वाचला. "हे दुपारीच बोलाचं होतं, बेटा," एवढंच म्हणाले आणि खेळाडूंच्या यादीत प्रशिकच्या नावावर काट मारली.

प्रशिकला मात्र तिने स्वतः सांगितलं. टीमसमोर सांगितलं, कारण पाठांतर सगळ्यांचंच होतं. सौरव खाली बघत राहिला. प्रशिकने सगळं ऐकून घेतलं आणि गुडघ्यावर मूठ आपटली.

"तुमच्या चुकीची सजा मले?"

"हाव," भावना म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"दोन वर्षं झाले मी या दिवसाची वाट पाहून राहिलो. तुमची डिग्री, तुमचे शब्द, अन् भोगाचं म्या?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो पाठ फिरवून बाकावर जाऊन बसला. भावना त्याच्या शेजारी बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आपण बरोबर केलं असं तिला त्या घडीला अजिबात वाटलं नाही. एका पोराच्या ताटातला घास आपण काढून घेतला, एवढंच वाटलं.

फायनल सुरू झाली. प्रशिक नाही म्हटल्यावर समोरच्यांना जोर चढला. पाच मिनिटांत क्लब सहा गुणांनी मागे पडला. पांढऱ्या खुर्चीवरचा एक साहेब वहीत काहीतरी लिहीत होता, कुणाबद्दल कोण जाणे. प्रशिक पुतळ्यासारखा बसला होता. भावनाचे पाय बाकाखाली हलायचे थांबत नव्हते.

मध्यंतराची शिट्टी वाजली. प्रशिकने मान वळवली. आवाज अगदी नेहमीचा, थोडा लाडातलाच.

"ताई, मले काहून बसवलं?"

तिला वाटलं, टोमणा मारतोय. मारू दे, हक्क आहे त्याचा. ती पेटीतल्या पट्ट्या गुंडाळत राहिली. त्याने पुन्हा विचारलं, "सांगा ना वं. सर नाराज आहे का माह्यावर?"

तिने मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे राग नव्हता. मघाचं काहीच नव्हतं.

"तुझ्या डोक्याले लागलं सकाळी," ती सावकाश म्हणाली. "मी परीक्षा घेतली ते चुकीची होती. तुमाले सगळ्यांले ते शब्द पाठ होते. चूक माही होती. म्हणून तुले बसवलं."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. गुडघ्यावर मूठ आपटली. "तुमच्या चुकीची सजा मले?" तोच स्वर, तेच शब्द, आणि डोळ्यांत तेच पाणी, पहिल्यांदाच आल्यासारखं.

भावना उठली ती धावतच देवाजी सरांपाशी गेली. काय झालं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. मैदानावरची अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या मॅटवरच्या एका मुलीला घेऊन गेली होती. देवाजी सरांनी क्षणभर मॅटकडे पाहिलं, सौरवच्या हातात खेळाडूंची यादी कोंबली, "सांभाळ गा," म्हणाले आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

गाडीत मागच्या सीटवर भावना त्याला धरून बसली. दवाखान्याला तिने फोन केला, मार किती वाजता लागला, कुठे लागला, आता काय होतंय, सगळं नीट सांगितलं. स्वतःची चूकही सांगितली. पलीकडच्या डॉक्टरांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. लवकर आणा म्हणाले. रस्त्यात रविवारची गर्दी होती. देवाजी सर हॉर्न वाजवत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते.

प्रशिकने तिच्या खांद्यावरचं डोकं उचललं, काचेतून बाहेर पाहिलं. "ताई, आपण कुठी चाललो? फायनल आहे ना आज?"

"दवाखान्यात चाललो."

"काहून?"

तिने सांगितलं. सकाळचा गुडघा, पाठ झालेले शब्द, तिची सही, तिची चूक. एकही गोष्ट गाळली नाही. तिसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आणि तिसऱ्यांदा त्या पोराची नोकरी तिच्या डोळ्यांदेखत गेली. त्याने तिचा हात झटकला.

"अन् हे तुमी मले आत्ता सांगून राहिल्या?"

देवाजी सरांनी आरशातून मागे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हाव रे," भावना म्हणाली आणि त्याचा झटकलेला हात पुन्हा हातात घेतला. "आत्ताच सांगून राहिली."